उंटवाले मयेकर

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं, तर मी रघुनाथ मयेकरांचं नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर. हे ऐकून आई कधी रागावली नाही. ती म्हणायची, "आम्ही तुला जन्म दिला रे, पण घाट चढवलान तो त्या मानसानं." घाट म्हणजे तिच्या लेखी जगातली सगळी लांबची गावं.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. वाडीतला पहिला बी.एस्सी. मीच. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी घरोघरी गूळखोबरं वाटलं आणि मला रत्नागिरीत एका कचेरीत हंगामी कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा त्यांना वाटलं, आता पोरगा पोचला. १९८५ साल होतं. राहायला जागा शोधत मी समुद्राकाठच्या मांडवी भागात आलो आणि मयेकरांच्या घराची पडवी मला मिळाली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. साठीकडे झुकलेला उंच माणूस. अंगात बनियन, पण खाली कडक इस्त्रीची पँट आणि पायांत घरातसुद्धा बूट. टेबलावर एक जुना, व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता आणि त्या रेडिओच्या डोक्यावर मातीच्या छोट्या कुंडीत एक झाड. जेमतेम मुठीएवढं. जाड, टोकदार, एकमेकांना बिलगलेली पानं आणि पानांवर पांढरे आडवे पट्टे.

"पडवीत काय हवं ते कर," ते म्हणाले. "या उंटाला पाणी घालायचं नाही. ओव्हर."

मला वाटलं, आणखी काही सांगायचं आहे. मी थांबलो. तेही थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ओव्हर म्हटल्यावर समोरच्यानं बोलायचं असतं."

मालवाहू बोटींवर ते रेडिओ ऑफिसर होते. आयुष्यभर कानाला यंत्र लावून टकटक ऐकायची, अक्षरं लिहून घ्यायची आणि बोटांनी टकटक करून उत्तर पाठवायचं, हे त्यांचं काम. बोलताना प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात असं त्यांचं बोलणं असे. गप्प बसले की उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर हलत राही. गल्लीतली मुलं त्यांना टिकटिककाका म्हणत. मी एकदा विचारलं, "बोट काय म्हणतंय?" त्यांनी बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. "काही नाही. कुणी आहे का, म्हणून विचारतंय."

घर त्यांनी बोटीसारखं लावलं होतं. कप आकड्यांना टांगलेले, डबे फळीला दोरीनं बांधलेले. जेवताना ते टेबलावर ओलं फडकं पसरत आणि त्यावर ताटं ठेवत. बोट हलली तर ताट घसरू नये म्हणून. मी म्हटलं, "काका, घर हलत नाही." ते म्हणाले, "हात ऐकत नाहीत." त्या घरात ताटं दोनच होती. मी येईपर्यंत दुसरं वापरात नव्हतं.

जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांना ते उंट म्हणत. मी आलो तेव्हा असे चार-पाच उंट होते. पावसाळा एकेकाला नेत होता. आपल्याकडचा पाऊस म्हणजे या झाडांचा काळ. हवेतच एवढं पाणी, की कुंडीत थेंब न घालता मुळं कुजतात. म्हणून मयेकर चारही महिने रेडिओ दिवसभर चालू ठेवत. व्हॉल्व्ह तापले की वरचं लाकूड कोमट होई आणि कुंडीतली माती कोरडी राही. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला गाण्यांचा फार नाद. गाण्यांकडे त्यांचं लक्षही नसे.

ही युक्ती बोटीवरची. हिवाळ्यात उत्तरेकडच्या समुद्रात बोट गेली, की केबिनच्या गोल खिडकीवर आतून बर्फ धरे. तेव्हा झाड काचेपासून काढून यंत्रावर ठेवायचं. झाडांची विद्या मात्र त्यांना एका म्हातारीनं शिकवली. युरोपातल्या कुठल्याशा बंदरात, बाहेर सगळं गोठलेलं असताना, एका घराच्या खिडकीत त्यांना ओळीनं मांडलेल्या कुंड्या दिसल्या. ते काचेशी उभे राहिले. म्हातारीनं दार उघडून त्यांना आत घेतलं. तिची भाषा यांना येईना, यांची तिला. तिनं यांचं बोट धरून मातीत खुपसलं. कोरडी ठणठणीत माती. मग बाहेरच्या बर्फाकडे हात करून तिनं झारी उचलली आणि ती कपाटात ठेवून कपाट लावून टाकलं. थंडीत पाणी बंद. मग एक झाड कुंडीतून उपसून जुनी माती झटकली, पोकळ झालेली मुळं कातरली, आणि ते उघडंच कागदावर ठेवून स्वतःच्या गालाला हात लावून डोळे मिटले. आधी झोपू दे. जखम सुकू दे. मग नवी माती. मग पुन्हा झोप. त्यानंतर पाणी.

"अख्खा धडा," मयेकर म्हणाले, "आणि एक शब्द नाही. जाताना तिनं एक पिल्लू दिलं. ते घरी आणून सुमनला दिलं."

सुमन ही त्यांची बायको. मी त्या घरात जायच्या वीसेक वर्षं आधीच ती गेली होती. भिंतीवर तिचा फोटो नव्हता. "फोटोत ती हसत नाही. म्हणून लावला नाही," एवढंच त्यांनी सांगितलं.

सुमननं ते झाड स्वयंपाकघराच्या खिडकीत चुलीच्या उबेला ठेवलं आणि वाढवलं. त्याला बाजूनं पिल्लू फुटलं, तेव्हा ते वेगळं करून तिनं नवऱ्याबरोबर बोटीवर धाडलं. "एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. कुणाचं आधी मोठं होतं बघू." रेडिओवर होतं ते हे बोटीवरचं.

शेजारी सुशीलावहिनी राहत. नवरा मासेमारीत, घर सदा माणसांनी भरलेलं, आवाज असा की समुद्राला मागे टाकील. मयेकर बोटीवर असताना घराची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असे. दिवसातून एकदा तरी त्या दारातून डोकावत.

"काय वो मयेकर, त्या झाडाचे उपास संपले नाय अजून?"

"एकादशी आहे त्याची."

"बारा महिने?"

"ओव्हर."

"तुमचं ते होवर नको मला. वाईच पानी घाला त्याला. जीव हाय तो. बघा कसं मुठी आवळून बसलंय." मग माझ्याकडे वळून, "तू तरी घाल रे मेल्या. शिकलेला ना तू?"

मी हसायचो. मयेकर हसत नसत. असं का, ते मला पहिल्या ऑक्टोबरात कळलं. पाऊस ओसरला होता आणि ते उंटांच्या कुंड्या बदलत होते. वर्षातून एकदा, याच दिवसांत. जांभ्याचा चुरा, नदीची भरड वाळू, कोळशाचे तुकडे, थोडं पालापाचोळ्याचं खत. "समुद्राची वाळू घालशील तर खारानं मरेल," ते म्हणाले. वर्तमानपत्रावर झाडं उघडी पडली होती आणि ते एकेक मूळ बोटांत धरून भिंग लावून बघत होते. तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या दिवशी पहिल्यांदा ते सलग बोलले.

सुमन गेली तेव्हा बोट भर समुद्रात होती. किनाऱ्यावरून निरोप येऊ लागला, तो उतरवून घ्यायला केबिनमध्ये तेच होते. आधी बोटीचं नाव. मग ज्याच्यासाठी निरोप त्याचं नाव. एकेक अक्षर उतरतं तसं ते लिहीत गेले आणि कागदावर त्यांचंच नाव उमटलं. मग सुमन. मग इंग्रजी शब्दाची पहिली अक्षरं आली. मूल होणार असलं तर तारेत 'एक्स्पेक्टिंग', माणूस गेलं तर 'एक्स्पायर्ड'; पहिली तीन अक्षरं तीच. दोघं बरीच वर्षं वाट बघत होती. "तीन अक्षरं मी खुशीत होतो," मयेकर म्हणाले. "चौथं आलं."

"मग?"

"मग पुढचं लिहून घेतलं. समजायला थांबलास की पुढचं अक्षर जातं. निरोप मिळाला म्हणून कळवलं. त्यानंतर मालाचे निरोप होते, तेही घेतले. मग कप्तानाकडे गेलो."

घरी पोचायला त्यांना तीन-चार महिने लागले. सुशीलावहिनींनी कुलूप काढून दिलं आणि त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "रोज येऊन झाडाला पानी घातलं वो मी. माशे धुतलेलं. तिच्या हातचं झाड म्हणून पोरासारखं जपलं. पण नाय ऱ्हायलं. मालकिणीपाठी गेलं."

आपल्याकडे माशांचं पाणी टाकून देत नाहीत. ते माडाला घालतात, कढीलिंबाला घालतात, आणि झाड तरारतं. वहिनींनी घरातलं जे सर्वांत चांगलं ते आणून ओतलं होतं. मयेकरांनी खिडकीशी जाऊन कुंडीत बोट घातलं. चिखल, आणि त्याला बांगड्यांचा वास. झाड बुंध्यातून गळून पडलं होतं.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, तुम्ही फार केलंत."

ते पुन्हा भिंगात बघू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिला वाटतं, झाड सुमनच्या मागे गेलं. वाटू दे. तिनं रोज येऊन दार उघडलं, तेव्हा या घरात दुसरं कुणीच येत नव्हतं."

ते घराला कुलूप लावून कधी बाहेरगावी का जात नाहीत, हे कोडंही आता सुटलं. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जायचं ते टाळत होते. बाहेरगावी गेले तर किल्ली वहिनींकडे जाणार, आणि वहिनी पाणी घालणार. किल्ली दिली नाही तर का दिली नाही ते सांगावं लागणार. म्हणून निवृत्त होऊन घरी आल्यापासून ते एक रात्रसुद्धा रत्नागिरीबाहेर राहिले नव्हते. सुमनच्या हातचं आता एवढंच उरलं होतं, आणि ते जपायला त्यांनी स्वतःला घरात बांधून घातलं होतं.

मी पडवीत होतो म्हणून त्या हिवाळ्यात ते डोळे दाखवायला मुंबईला जाऊन आले. दुसऱ्याच दिवशी वहिनी तांब्या घेऊन हजर. "ताजं हाय. सुरमईचं."

"वहिनी, काका मला घराबाहेर काढतील."

"काढले तर माझ्याकडे ये जेवायला. सर बाजूला."

"मी घालतो ना. तुम्ही कशाला वाकताय?" मी तांब्या घेतला, आत गेलो आणि मागच्या दारानं माडाच्या मुळाशी ओतला. वहिनी खूश होऊन गेल्या. काका परत आले, तेव्हा त्यांनी आधी कुंडीत बोट घातलं, मग मला विचारलं, "माड कसा आहे?" डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाले, "ऑपरेशन. राहावं लागेल. पुढे बघू."

आता माझ्यावरच्या उपकाराचं सांगतो. माझं इंग्रजी पुस्तकातलं. वाचलं तर कळे, कुणी बोललं तर एक शब्दही पकडता येत नसे. मयेकरांनी मला रोज संध्याकाळी रेडिओपुढे बसवलं. इंग्रजी बातम्या लागत. "लिही."

"काका, कळत नाहीये."

"कळायचं नाहीये. लिहायचंय. कळणं मागाहून येतं."

पहिले काही महिने माझ्या कागदावर नुसता चिवडा असे. ते तो हातात घेऊन वाचत आणि कधीच हसत नसत. "इथे दमलास," एवढंच म्हणून बोट ठेवत. हळूहळू दमण्याची जागा पुढे सरकली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मी लिहितो आहे आणि मला कळतंही आहे. हिमाचलात, डोंगरातल्या एका सरकारी संशोधन केंद्रावर सहाय्यकाच्या जागेची जाहिरात त्यांनीच मला दाखवली. बाबा म्हणाले, "इथली जागा उद्या कायम होईल. तिकडे बर्फात मरायला कशाला?" मयेकर ते ऐकून आमच्या वाडीत आले. आयुष्यात पहिल्यांदा, एसटीनं, दुपारी परत जायचं ठरवूनच. ओटीवर बसले आणि बाबांना म्हणाले, "मी थंडीत राहिलोय. मरत नाही माणूस. पोराला जाऊ द्या." बाबांनी होकारार्थी मान हलवली. अख्ख्या बैठकीत मयेकर एवढंच बोलले होते. मुंबईच्या मुलाखतीत तिघे साहेब भराभर इंग्रजी बोलले आणि माझं बोट मांडीवर आपोआप लिहीत राहिलं. मी दमलो नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वादळानं खांब पडले आणि मांडवीत कित्येक दिवस वीज नव्हती. रेडिओ थंड पडला. बाकीचे उंट आधीच गेले होते, उरला होता तो सुमनचा. एका सकाळी काका कुंडीशी वाकून उभे होते. "वास येतोय. मला दिसत नाही. तू बघ."

पानं खालून काळी पडली होती. त्यांनी दाढीचं पातं दिलं. मी कापत गेलो, ते "अजून" म्हणत गेले. शेवटी पांढराशुभ्र गाभा लागला तेव्हा हातात अंगठ्याएवढा तुकडा उरला होता. मुळं नाहीत, काही नाही. जखम सुकल्याशिवाय मातीत लावता येत नव्हता, आणि त्या हवेत आगपेटीसुद्धा सुकत नव्हती. त्यांनी तो तुकडा टिपकागदात गुंडाळून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. घरात शर्ट न घालणारा माणूस ते दिवस शर्ट घालून वावरला. "रेडिओ थंड आहे," ते म्हणाले. "मी गरम आहे."

जखम सुकली. ऑक्टोबरात त्याला केसासारखी मुळं फुटली. दिवाळीनंतर माझं नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा मयेकर म्हणाले, "याला घेऊन जा."

मी म्हटलं, "पिल्लू फुटलं की पिल्लू नेईन, काका. हे तुमच्याकडे राहू दे."

"पिल्लू फुटायच्या आधी पाऊस येईल. मला आता सड दिसत नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. इथे ते दरवर्षी बुडतं. तिथे नुसती थंडी आहे. थंडी त्याला माहीत आहे."

"आणि तिथे मेलं तर?"

"तर मेलं म्हणून कळव. सजवून लिहू नकोस."

निघायच्या दिवशी ते एसटी स्टँडवर आले. दुधाच्या पावडरीचा डबा, त्याला भोकं पाडलेली, आत काथ्यात बसवलेली कुंडी. वहिनी कुळथाच्या पिठाची पुरचुंडी घेऊन आल्या होत्या. "झाड कशाला न्हेतोस रे? तिकडं काय झाडं नायत?" मयेकर समुद्राच्या बाजूला बघत होते. मी पाया पडलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचं बोट तिथे थोडा वेळ हललं. मला ती लिपी येत नव्हती.

मुंबईची गाडी सुटली. मी खिडकीतून मागे पाहिलं. स्टँडवर दोन गाड्या एकदम मागे घेत होत्या. मयेकर ताठ उभे राहून हात हलवत होते, दुसऱ्या गाडीकडे, जी चिपळूणला चालली होती. वहिनींनी त्यांचा दंड धरून त्यांना माझ्या गाडीकडे वळवलं, तोवर आम्ही फाटकातून बाहेर पडलो होतो. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

डोंगरातला पहिला हिवाळा संपल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तराची तार आली: पत्र मिळालं. आनंद झाला. या वर्षी नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रालाही त्यांचं तेच उत्तर होतं, आणि त्यापुढच्या वर्षी तार वहिनींच्या मुलाची आली. मी रत्नागिरीला पोचलो तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. वहिनींनी माझं पत्र मला परत दिलं. डोळे अगदीच गेल्यावर काका ते वहिनींच्या नातीकडून वाचून घेत, असं त्या म्हणाल्या. ते पत्र हे.

मार्च १९८७

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

आधी झाडाचं. जिवंत आहे. सजवून लिहीत नाही, सगळं सांगतो.

इथे आल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत त्याला एक थेंबही पाणी दिलं नाही. दिवसा काचेशी ठेवत होतो, अंधार पडायच्या आधी काढून आतल्या भिंतीशी, शेगडीच्या बाजूला. तरी जानेवारीत एकदा नळातलं पाणी गोठलं तेव्हा खोलीतही फार थंडी पडली आणि बाहेरची तीन पानं उकडलेल्या कांद्यासारखी झाली. ती पात्यानं काढली. जखमा सुकू दिल्या. गाभा घट्ट राहिला.

गेल्या आठवड्यात कुंडी बदलली. इथे जांभा नाही. विटेचा चुरा, शेगडीतला जळका कोळसा चाळून आणि ओढ्याची वाळू धुऊन घेतली. उपसल्यावर मुळं पाहिली. पांढरी आहेत आणि जाड आहेत. जुन्या पानांच्या खाली दोन पिल्लं होती. हाताला लागली तेव्हा मी तिथेच बसून राहिलो. ती अजून आईपासून तोडलेली नाहीत, फार लहान आहेत. सगळं कोरड्या मातीत झोपवलं होतं. आज सकाळी कडेनं चमचाभर पाणी दिलं.

आता दुसरं. इथे लोक चांगले आहेत, पण संध्याकाळी कामावरून आलो की खोलीत कुणी नसतं. तुम्ही इतकी वर्षं कसे राहिलात ते मला इथे कळलं.

काका, मुंबईत ऑपरेशन करून घ्या आणि तसेच इकडे या. आता घरी राखायला काही नाही. जे होतं ते मी घेऊन आलो आहे, म्हणून हे लिहायचा धीर करतो. किल्ली वहिनींकडे खुशाल ठेवा. मे महिन्यात इथली हवा फार छान असते असं म्हणतात. कालका स्टेशनपर्यंत मोठी रेल्वेगाडी येते, तिथे मी उतरून घ्यायला येईन. तुम्हाला गाडी शोधावी लागणार नाही, मीच तुम्हाला शोधीन.

खोली लहान आहे, पण दुसरी खाट बसते. कालच आणली.

आपला,
शांताराम